परतीच्या चिठ्ठीवरचं कारण

मी एक जुना टॅबलेट आहे. जुना म्हणजे किती, असं विचाराल तर सांगायला लाज वाटते. माझा एकूण वापर अकरा दिवसांचा. तुमच्या कंपासपेटीतलं खोडरबरसुद्धा माझ्याहून जास्त झिजलेलं असेल. पण माझं खोकं एकदा उघडलं गेलं आहे, आणि उघडलेल्या खोक्यातल्या वस्तूला कुणी नवी म्हणत नाही.

मित्रांनो, मी सध्या एका लांबट खोलीत, लोखंडी मांडणीच्या तिसऱ्या फळीवर असतो. ही परत आलेल्या मालाची खोली. इथे प्रत्येकाच्या खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते आणि तिच्यावर परत करण्याचं कारण छापलेलं असतं. माझ्या डावीकडच्याच्या चिठ्ठीवर आहे, 'रंग फोटोत दिसला तसा नाही'. उजवीकडच्याच्या चिठ्ठीवर आहे, 'वाढदिवसाला दोन आले'. वरच्या फळीवर एक आहे, त्याचं कारण 'घरात विचारलं नव्हतं'. एकाच्या चिठ्ठीवर तर 'मुलाचे गुण वाढले नाहीत' असं आहे. बिचारा बारा दिवस त्या मुलाला फक्त मोटारींच्या शर्यती दाखवत होता, गुण कुठून वाढणार? आमच्यातले बहुतेक जण ठणठणीत आहेत. मोडलेले फार थोडे.

माझ्या चिठ्ठीवर तीन शब्द आहेत. 'वापरणाऱ्याला जमत नाही.'

त्या तीन शब्दांचीच ही हकिकत आहे.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथली माणसंही डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. माझी काच आधी कापली, मग तिच्या कडा घासल्या, मग तिच्याखाली डोळ्यांना न दिसणारं एक जाळं पसरलं. त्या जाळ्यात अगदी थोडीशी वीज खेळत असते. माणसाने काचेवर बोट टेकलं की बोटातल्या ओलाव्यामुळे ती वीज किंचित हलते, आणि मला कळतं, कुणीतरी आलं. मला कपाळावर एक डोळा आहे, कडेला कान आहेत, पण माणूस मला खरा कळतो तो बोटाने.

कारखान्यात माझी परीक्षा झाली. परीक्षा घेणारं बोट रबराचं होतं, यंत्राला बसवलेलं. गुबगुबीत, मऊ आणि दर वेळी तेवढंच ओलसर. ते शंभर वेळा टेकलं, मी शंभर वेळा ओळखलं. हिरवा दिवा लागला. मला वाटलं, जगातली सगळी बोटं अशीच असणार. डबक्यातल्या बेडकाला डबकं म्हणजेच समुद्र.

मला विकत घेतलं एका मुलीने. मुलगी म्हणजे तुमच्याएवढी नव्हे, तिच्या केसांत पांढऱ्या बटा होत्या. पण ज्या घरात मी गेलो त्या घरात ती मुलगीच होती, कारण तिथे तिचे वडील होते. ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची. घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीला लागून एक पलंग, पलंगावर वडील, आणि पलंगाच्या पायथ्याशी मोडक्या हाताच्या खुर्चीत आत्या. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि घरात त्या दिवसांत जो काही आवाज होता तो तिचाच होता.

वडिलांना सगळा भाग 'काचवाले' म्हणून ओळखायचा. पन्नास वर्षं त्यांनी खिडक्यांना, दुकानांना, कपाटांना काचा बसवल्या. काच कापली की तिची कड दगडावर घासायची, आणि कड नीट झाली की नाही ते बघायला तिच्यावरून बोटाचं टोक फिरवायचं, ही त्यांची पद्धत. दिवसातून शेकडो वेळा. "डोळा फसतो, बोट फसत नाही," असं ते म्हणत. त्यांच्या पलंगाशेजारच्या खिडकीची काचही त्यांनीच बसवलेली. आत्या सांगायची की एके काळी त्यांनी रस्त्यावरून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरचा माणूस खिडकीत येऊन विचारायचा, 'कुणाची काच फुटली?'

मग त्यांच्या घशात गाठ झाली. डॉक्टरांनी गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजही काढावा लागला.

हात थरथरायचे, त्यामुळे लिहिता येईना. वहीत अक्षरांऐवजी मुंग्या चालल्यासारखं दिसायचं. तेव्हा आत्याने एका खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर जाड पेनाने सगळी अक्षरं लिहिली, खाली काना-मात्रा-वेलांट्या, आणि सगळ्यात खाली काही अख्खे शब्द. 'हो', 'नाही', 'पाणी', 'पंखा', 'दुखतंय'. वडिलांनी अक्षरावर बोट ठेवायचं आणि समोरच्याने जुळवून वाचायचं. शेवटची ओळ वडिलांनी एकेक अक्षर दाखवून आत्याकडूनच लिहून घेतली होती. ती होती, 'हिला गप्प कर'. पुठ्ठ्यावर सगळ्यात जास्त झिजलेली जागा तीच.

पुठ्ठा काम द्यायचा, पण बैलगाडीच्या चालीने. एका वाक्याला पंधरा-पंधरा मिनिटं. मुलगी सकाळी घाईत निघायची, संध्याकाळी दमून यायची. मी त्या घरात येण्याच्या दोन दिवस आधी वडिलांनी तिला हाताने खूण करून बसवलं आणि पुठ्ठ्यावर बोट ठेवायला सुरुवात केली. तु, ला, ए, क.

"तुला एक काहीतरी सांगायचंय?" तिने विचारलं. त्यांनी मान हलवली.

"थांबा बाबा. परवा टॅबलेट येतोय. अक्षर दाबलं की तोच बोलतो. मग आरामात सांगा, सगळं सांगा."

ते थांबले.

मित्रांनो, मी त्या घरी पोचलो तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मला खोक्यातून काढलं. वडिलांनी मला हातात घेतलं आणि पहिली गोष्ट कुठली केली असेल? माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. चारही बाजूंनी, सावकाश. मग आत्याकडे बघून मान डोलावली. माझं त्यापेक्षा मोठं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं, नंतरही नाही.

"पास झाला गं तुझा टॅबलेट," आत्या म्हणाली. "दादाने कड पास केली म्हणजे झालं. पण बोलतो कसा तो? दाखव तरी."

मुलीने एक अक्षर दाबलं. मी बोललो. माझा आवाज बाईचा, बातम्या देणाऱ्या बाईसारखा.

"अगं बाई! म्हणजे आता दादा अशा गोड आवाजात बोलणार? जन्मभर माझ्या अंगावर खेकसला. आता 'कृपया गप्प बस' म्हणेल."

वडील हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे.

मुलीने पुठ्ठा उचलला आणि दोन घड्या घातल्या. "हा समोर राहिला की तुम्ही नवीन शिकणार नाही," ती म्हणाली. आणि तो त्यांच्या हाताला लागू नये म्हणून माझ्याच रिकाम्या खोक्यात, तळाच्या साच्याखाली सपाट ठेवून दिला. मग पलंगाच्या कडेवर बसली.

"हं बाबा. परवाचं सांगा आता. 'तुला एक' एवढं झालं होतं."

वडिलांनी बोट उचललं आणि डाव्या बाजूच्या 'त' या अक्षरावर टेकलं.

मला काहीच जाणवलं नाही.

माझ्या डोळ्याला त्यांचा चेहरा दिसत होता. भुवया जवळ आलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. बोट माझ्या अंगावर होतं, हे मला दिसत होतं. पण काचेखालचं जाळं निवांत होतं, जणू तिथे कुणी नव्हतंच. त्यांनी बोट उचलून पुन्हा टेकलं. पुन्हा. पन्नास वर्षं काचेच्या कडांवरून फिरून त्या बोटांची टोकं कोरडी आणि टणक झाली होती, त्यांवरच्या रेघासुद्धा पुसल्या गेल्या होत्या. आयुष्यभर काचेला ओळखणारा तो माणूस, आणि मी काच, मला तो ओळखू येईना.

"असं नाही बाबा, असं." मुलीने आपलं बोट टेकलं.

"त," मी लगेच म्हणालो.

मी तेवढं म्हणायला नको होतं, असं मला पुढे किती वेळा वाटलं ते मोजता येणार नाही. माझी काच खरोखरच फुटकी असती, मी तिच्याही बोटाला दाद दिली नसती, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मला शिकवलं होतं तसा मी वागलो.

"बघा, किती सोपं आहे!" ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस सगळे एकसारखे गेले. सकाळी कामावर जाण्याआधी ती वीस मिनिटं बसायची, संध्याकाळी आल्यावर अर्धा तास. वडील प्रयत्न करायचे. हळू, जोरात, नखाने, दोन बोटांनी.

"दाबू नका बाबा, नुसतं टेकवा."

"नुसतं टेकवू नका, जरा दाबा."

"अगं, एकदा काय ते ठरव," आत्या खुर्चीतून म्हणायची. "दाबायचं का टेकवायचं? तो काय चोर आहे, हळूच यायला?"

कधी कधी थरथरत्या हाताचा तळवा चुकून माझ्या कोपऱ्याला लागायचा. तळव्याचं मांस मऊ, ते मला लगेच कळायचं. त्या कोपऱ्यात अक्षर होतं 'ढ'. आणि मी माझ्या गोड, स्पष्ट आवाजात म्हणायचो, "ढ." पहिल्यांदा तिघंही हसली. दुसऱ्यांदा आत्या एकटी हसली. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही, आणि वडिलांनी मला पालथं केलं ते संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं.

पाचव्या दिवशी आत्याला एक गोष्ट आठवली.

"पोरी, त्या कचेरीत नाही का, अंगठा ठेवायला सांगितला होता? यंत्राने तीनदा नाही म्हटलं. तो कारकून म्हणाला, 'आजोबा, यंत्राच्या मते तुम्ही अस्तित्वातच नाही.' दादा किती हसला होता तेव्हा. तसलंच काही नसेल ना हे?"

मुलगी केसांना पिन लावत होती. पावणेनऊ वाजले होते. "आत्या, ते वेगळं. ते ठसे घ्यायचं यंत्र. हे नुसतं बोट लावायचं, लहान पोरंसुद्धा लावतात." आणि ती गेली.

मित्रांनो, ती वाईट नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोष्टीत कुणीतरी दुष्ट असावं असं आपल्याला वाटतं. रोज रात्रीच्या जेवणात ती वडिलांना चमच्याने भरवायची, तोंड पुसायची. त्यांच्या उशाशी बसून पुस्तकं वाचून दाखवायची. हजारो पुस्तकं तिच्या हाताखालून गेली होती. तिने सगळं काही नीट वाचलं होतं, फक्त वडिलांचं बोट वाचलं नव्हतं. त्यांचा हात हातात घेऊन ते टोक एकदा चाचपलं असतं तर तिला कळलं असतं. मला दिसायचं ते असं की, ती नेहमी माझ्याकडे बघायची. काचेकडे. 'चालतंय की,' म्हणायची.

वडील दिवसभर, ती नसताना, 'त' वर बोट ठेवत राहायचे. आत्या डुलकी घ्यायची तेव्हासुद्धा. पहिलं अक्षरच उमटत नव्हतं, तर दुसऱ्याकडे जाणार कसे? रस्त्यावरून गाड्या जायच्या, त्यांच्या सावल्या छतावरून सरकायच्या. आणि माझ्या काचेवर एकाच जागी ते बोट येत राहायचं. मी कान लावून बसायचो. जाळं ताणून बसायचो. मला त्यांचा श्वास ऐकू यायचा, शस्त्रक्रियेत गळ्याला पाडलेल्या भोकातून येणारा, शिट्टीसारखा. बोट तेवढं यायचं नाही.

पंधरा दिवसांच्या आत परत केलं तरच पैसे मिळतात, असा नियम होता. अकराव्या दिवशी संध्याकाळी मुलीने दुकानाच्या चौकशी विभागाला फोन लावला. मी पलंगावर होतो. वडिलांचा हात माझ्या कडेवर होता.

पलीकडची मुलगी पाठ केल्यासारखी कारणं वाचत होती. "मॅडम, यातलं एक निवडावं लागेल. एक, वस्तू फुटलेली आली. दोन, चार्ज होत नाही. तीन, स्क्रीन बंद पडते..."

"नाही नाही, तसं काही नाही. चालतो चांगला."

"मग कारण काय देऊ मॅडम?"

"कारण द्यायलाच हवं का? आमच्या ग्रंथालयात पुस्तक परत करताना कुणी कारण विचारत नाही."

"इथे विचारतात मॅडम. सहा नंबर आहे, वापरणाऱ्याला जमत नाही. तो टाकू?"

"हो, तो टाका. वडिलांसाठी घेतला होता. त्यांना जमत नाही हो. खूप शिकवलं. वय झालंय ना आता."

ती खिडकीकडे तोंड करून बोलत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, चीड नव्हती. थकलेलं माणूस जसं बोलतं तशी ती बोलली. पण माझा डोळा वरच होता, आणि मी बघत होतो. वडिलांनी माझ्या कडेवरचा हात काढला. तो एकदा समोर धरून बघितला, पुढून, मागून. आणि मग दोन्ही हात चादरीच्या आत घेतले.

आत्याने ते बघितलं असावं. कारण ती पहिल्यांदाच काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मला खोक्यात घालून फीत चिकटवली. पुठ्ठा माझ्या खाली तसाच होता. घाईत तिच्या लक्षातच राहिलं नाही. जपून ठेवलेली वस्तूच घरात सापडत नाही, हे सगळ्याच घरांचं खरं आहे. झाकण बंद होताना मी शेवटचं पाहिलं ते आत्याचं तोंड. ती विचारत होती, "अगं, आणि पुठ्ठा कुठे ठेवलास?"

"आहे कुठेतरी. देते शोधून."

या खोलीत मी आठ दिवस तसाच बंद पडून होतो. मग माझी पाळी आली. इथे तपासणीचं काम एक वयस्क गृहस्थ करतात. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे. त्यांची रीत ठरलेली. आधी वस्तू दिव्याखाली तिरपी धरून ओरखडे बघायचे. मग रबरी टोकाच्या कांडीने काचेवर टिचकी-टिचकीने सगळीकडे टेकत जायचं. मग आतलं सगळं पुसायचं. शेवटी काच पुसायची आणि शिक्का मारायचा.

मला दिव्याखाली धरून ते थांबले. खिशातून भिंग काढलं. मग कांडी घेऊन माझी परीक्षा केली. मी प्रत्येक वेळी ओळखलं. त्यांनी आतलं पुसलं, पण काच पुसली नाही. खोक्याच्या तळाचा साचा उचलला, तर खाली पुठ्ठा. तो उलगडून ते बराच वेळ वाचत बसले. 'हिला गप्प कर' वाचून हसले. मग हसू मावळलं. त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर फिरवला.

"मॅडम, तुमच्या खोक्यात एक पुठ्ठा आलाय. घरी कुणाला तरी रोज लागत असणार. फेकलेला नाही, हे सांगायला फोन केला. ठेवून देतो."

दोन दिवसांनी ती आली. बरोबर आत्या होती. तपासनीसांनी दोघींना खुर्च्या दिल्या, पुठ्ठा तिच्या हातात दिला, आणि मला दिव्याखाली धरलं.

"एक गंमत दाखवतो. बघा, हे डाग. सगळे एकाच जागी. निदान दोनशे वेळा तरी बोट ठेवलंय. आणि डागात रेघ नाही एकही. वडील काय काम करायचे?"

"काचा बसवायचे," ती म्हणाली.

"वाटलंच मला. माझी आई चाळीस वर्षं लाँड्रीत इस्त्री करायची. तिचंही बोट हे यंत्र घेत नाही. बोट कोरडं आणि टणक झालं की या काचेला ते लाकडासारखं. तुम्ही चिठ्ठीवर 'जमत नाही' लिहिलंत. अहो, त्यांना जमत होतं. नेम बघा ना किती पक्का आहे, हात थरथरत असून जागा सोडलेली नाही. काचेलाच जमत नव्हतं." ते खुशीत आले होते. रोग सापडल्यावर वैद्य खुशीत येतो तसे. "उपाय अगदी सोपा आहे हो याला. ओल्या फडक्याला बोट टेकायचं आणि मग दाबायचं. नाही तर ही कांडी. घेऊन जा, आमच्याकडे ढीग आहे. बाबांना द्या. या जागी कुठलं अक्षर होतं?"

ती डागांकडे बघत होती.

"त," ती म्हणाली.

"हां. तर सांगा बाबांना."

"हो," ती म्हणाली. "सांगते." तिने कांडी घेतली, पुठ्ठ्याच्या घडीत ठेवली. "आत्या, तू सही करून ये. मी गाडी बघते." आणि ती बाहेर गेली. दार लावतानासुद्धा आवाज होऊ दिला नाही.

आत्याने कागदावर सही केली. पेन परत दिलं.

"चांगलं सांगितलंस रे बाबा," ती म्हणाली. "पण त्याला जाऊन आज सात दिवस झाले."

तपासनीसांच्या हातात फडकं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"हे खोकं गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी ताप चढला, दवाखान्यात नेलं," आत्या सांगत होती. तिचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. "हिने घरभर पुठ्ठा शोधला. कपाटं उलटी केली. शेवटी मी औषधाच्या खोक्याचा नवा केला. वॉर्डात नेला, त्याच्यापुढे धरला. म्हटलं दादा, सांग, काय ते 'तुला एक' सांग. ही पण म्हणाली, बाबा सांगा ना. त्याने आमच्याकडे बघितलं. चांगलं बघितलं, शुद्धीत होता. पण हात चादरीबाहेर काढला नाही. दोन दिवस धरून बसलो आम्ही पुठ्ठा. हिला गप्प कर, एवढं तरी दाखवायचं होतं."

"अंगात शक्ती नसेल हो," तपासनीस म्हणाले.

"तसंच असेल. डॉक्टरही तेच म्हणाले." आत्या उठली. "पण हिला ते कोण पटवणार? शक्ती नव्हती म्हणून हात काढला नाही, की काढायचाच नव्हता, हे त्याचं त्याला माहीत. आता तू हे बोटाचं सांगितलंस. आता तर ती..." तिने वाक्य सोडून दिलं, पदर सारखा केला आणि गेली.

तपासनीसांनी मला पुन्हा दिव्याखाली धरलं. मला वाटलं, हे डाग ते तसेच ठेवतील. पण त्यांनाही काम होतं. पुढची खोकी रांगेत होती. त्यांनी फडकं ओलं केलं आणि माझी काच पुसली. ओल्या फडक्याचा स्पर्श मला लख्ख जाणवला. मग त्यांनी शिक्का घेतला आणि माझ्या कागदावर मारला. 'दोष आढळला नाही.'

चिठ्ठीवर मात्र अजून तेच तीन शब्द आहेत. ती चिठ्ठी बदलायची रीत इथे नाही.

मित्रांनो, मला विचाराल की वडिलांना काय सांगायचं होतं, तर मला माहीत नाही. कुणालाच नाही. कदाचित घराची काही व्यवस्था असेल. कदाचित खिडकीची काच सैल झाली आहे, एवढंच असेल. मुलगी ते वाक्य मनात हजार प्रकारे पुरं करत असेल, आणि कुठलंही खरं असू शकतं म्हणून कुठलंच धरून ठेवता येत नसेल.

माझ्यासारख्या मुक्या वस्तूने शहाणपण शिकवू नये. तरी एक मागणं मागतो. तुमच्या घरात कुणाला एखादी वस्तू वापरायला जमत नसेल, तर ती वस्तू उलटसुलट करून बघण्याआधी त्या माणसाचा हात हातात घ्या. बोटांची टोकं चाचपून बघा, त्या हाताने जन्मभर काय केलं ते विचारा. आणि कुणी पुठ्ठ्यावर, वहीवर, हवेत, कसंही काही सांगायला लागलं, तर त्याला परवापर्यंत थांबवू नका. पंधरा मिनिटं लागतात. लागू देत.

माझ्यानंतर नवी मॉडेलं आली. उघडलेल्या खोक्याला आता गिऱ्हाईक नाही. महिन्यातून एकदा तपासनीस मला चार्ज करतात आणि कांडीने सगळी काच तपासतात. कांडी डाव्या बाजूला त्या जागी टेकली की मी नेहमीपेक्षा थोडा जास्त थांबतो. पुढचं अक्षर येईल म्हणून.

कांडी पुढे निघून जाते. हिरवा दिवा लागतो.